बिब्ब्याच्या शाईनं भामरागड

भामरागडला गेले ती रागानं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरला चित्रकला शिकत होते. एक दिवस सर माझी चित्रं बघून म्हणाले, "ही रेघ माझी आहे, बाई. तुझी कुठंय? दिवाळीनंतर तुझी घेऊन ये, नाहीतर प्रदर्शनात तुझं चित्र लागणार नाही." खोटं नव्हतं ते. सरांची गुळगुळीत, वळणदार रेघ माझ्या हातात अशी बसली होती की सुटता सुटत नव्हती. घुग्घुसला घरी येऊन पोटभर रडले आणि ताईकडे निघाले. भाऊजी तिकडे शाळेत शिक्षक होते.

चंद्रपूरहून सकाळची एसटी, आलापल्लीला गाडी बदलायची. तिथल्या स्टँडवर तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढं काही मिळत नाही. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, नाल्यांना पूर आला की रस्ताच बंद. पुढच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "बाई, तो चित्राचा बोर्ड मांडीवर घ्या, कोंबड्याइले जागा द्या." घेतला बापडा मांडीवर. बाहेर साग आणि नुसता सागच.

भामरागडला तीन नद्या भेटतात. काठावर बसून मी कोळशानं काढलं, बांबूची काडी ठेचून काढलं, काताच्या पाण्यानं काढलं. सगळीकडून सरच डोकावत होते! मग ताईच्या अंगणात वाळत घातलेले बिब्बे दिसले. धोबी कपड्यांवर खूण करतात ती याच्याच रसानं, आणि ती जन्मात जात नाही. म्हटलं, हीच आपली शाई. टोचले बिब्बे, रस काढला, दिवसभर काढत बसले.

दुसऱ्या दिवशी उजव्या हाताची बोटं टम्म फुगली, फोड आले. बिब्बा उतला होता.

"काऊन हात लावला तुनं बिब्ब्याले?" ताई खोबरेल तेल लावता लावता ओरडली. "चित्रकार झाली म्हणे! चार दिवस बस आता चुपचाप."

बसवेना. काडी डाव्या हातात धरली, साध्या शाईत बुडवली. रेघ अडखळायची, मधेच जाड व्हायची, भलतीकडेच जायची. मासे धरायला आलेली एक म्हातारी वाकून बघत म्हणाली, "नदी दगडाले आपटून राह्यली ना, बाई?" मला इतका आनंद झाला की तिला तिथंच मिठी मारली. ती हसतच सुटली.

परत घुग्घुसला आले तोवर बोटं बरी झाली होती. आई म्हणाली, "आता नीट काढ." उजव्या हातानं काडी धरली, आणि झरझर उतरली ती सरांचीच रेघ. काडी पुन्हा डाव्या हातात घेतली.

प्रदर्शनात भामरागडची नदी लागली, डाव्या हाताची. आजही मी लिहिते, जेवते उजव्या हातानं. चित्राला बसले की तो मांडीखाली दाबून ठेवते.