शेअर घेऊ नका म्हणणारे आण्णासाहेब

आण्णासाहेब मगदूम यांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. सांगलीच्या आमच्या पंप कारखान्यात मी विक्रीप्रमुख म्हणून नुकताच रुजू झालो होतो. ते हिशेबखात्याचे प्रमुख. मी जीपला नवे टायर मागितले. त्यांनी स्वतः जीपखाली वाकून जुने टायर पाहिले आणि म्हणाले, "अजून एक पावसाळा निघेल." त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त गोड लिहा, असे गौरव समितीने मला बजावले आहे. प्रयत्न करतो.

दुष्काळात विहिरीच आटल्या, मग पंप घेणार कोण? कारखाना कर्जात गळ्यापर्यंत बुडाला. यंत्रे बँकेकडे गहाण, नवे कर्ज मिळेना. शेवटी संचालकांनी ठरवले की नवे शेअर काढायचे आणि सातारा जिल्ह्यातल्या पेन्शनर फौजींना विकायचे. नाहीतर कारखान्याला टाळे. माझ्याबरोबर आण्णासाहेबांना पाठवले, ही मात्र संचालकांची घोडचूक.

रहिमतपुरात एका निवृत्त हवालदारांनी आम्हाला चहा पाजला आणि ट्रंक उघडून नोटांचे पुडके काढले. मी पेनाचे टोपण काढले. तेवढ्यात आण्णासाहेब बोलले, "हवालदार, कंपनी बुडाली तर आधी बँक आपलं वसूल करणार, मग उधारीवाले. शेअरवाल्याला उरलंसुरलं. तेही उरलं तर."

"आवं, मग मी काय करू?"

"पुडकं परत ट्रंकेत ठेवा."

काय म्हणावे या माणसाला! कराडपर्यंत मी नुसता धुमसत होतो. मग न राहवून ओरडलो, "अहो, मग पैसे देणार कोण?"

"जे आधीच अडकलेत ते. नव्या माणसाला कशाला ओढायचं?"

सांगलीत त्यांनी आम्हाला लोखंड पुरवणाऱ्या शेठजींना गाठले आणि थकलेल्या उधारीऐवजी शेअर घ्या म्हणाले. शेठजी कडाडले, "आण्णा, माझी उधारी बुडवायची ही नवी तऱ्हा व्हय?"

"टाळं लागलं तर यंत्रं बँक नेईल. तुमच्या हाती काय राहील? कारखाना चालला तर निदान मालकीत वाटा तरी मिळेल."

आधी आण्णासाहेबांनी कंपनीतली स्वतःची ठेव शेअरमध्ये बदलून दाखवली. ती घर बांधण्यासाठी ठेवलेली होती. वहिनी अजून भाड्याच्या घरात आहेत, आणि बोलणी मात्र मी खातो! शेठजी वाकले, पाठोपाठ इतर उधारीवाले आणि कंपनीचे ठेवीदारही. व्याजाचा बोजा उतरलेला पाहून बँकेने मुदत वाढवली. पाऊस झाला, पंप खपले, टाळे टळले.

लाभांश वाटला त्या वर्षी तेच हवालदार पुडके घेऊन आपणहून सांगलीला आले. "आता तरी घ्या की," म्हणाले. आण्णासाहेब म्हणाले, "आता भाव चढलाय. जरा थांबा." मी कपाळावर हात मारून घेतला. हवालदार मात्र मला हसून म्हणाले, "थांबतो की साहेब. ह्ये नगं म्हणत्यात, म्हणूनच हितं पैसं घालायचं हाय."

आण्णासाहेब आता निवृत्त होत आहेत. नव्या शेअरविक्रीचा विषय संचालकांपुढे पुन्हा आला आहे, आणि 'नको' म्हणायची छाती आमच्यात एकाचीही नाही. माझी तर नाहीच. परमेश्वराने आण्णासाहेबांना शंभरी द्यावी, जीपखाली वाकण्याइतके गुडघे शाबूत ठेवावेत, आणि त्यांनी रोज सकाळी कारखान्यात येऊन माझे डोके खावे.