सदाभाऊंची डिजिटल डायरी

काल दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरचं बटण ‘पिक’ वाजलं आणि साजगावच्या कारखान्यातले सदाभाऊ आठवले. मेव्हण्याने दुबईहून आणलेल्या डिजिटल डायरीत ते आम्हा कामगारांचे रक्तगट भरत बसायचे. आम्ही हसायचो.

पुढे खोपोलीच्या दवाखान्यात बाळंतपणात माझ्या बायकोला रक्ताची गरज पडली. तिचा गट दुर्मीळ. सोबत आलेल्या सदाभाऊंनी बटणं दाबली, इवल्या पडद्यावर दोन नावं उमटली.

“घाबरू नको रं, दोघंबी आज कामावर हायेत.”

त्यांनी कारखान्यात फोन लावला. थोड्याच वेळात दोघे ग्रीसने माखलेल्या हातांनीच टेंपोतून उतरले.

“वहिनी कशी हाय?” त्यातल्या एकाने आल्या आल्या विचारलं.

बायको वाचली, मुलगीही. तेव्हा मी त्या यंत्राचंच कौतुक करत सुटलो होतो. आज वाटतं, कुणावर वेळ येण्याआधीच सदाभाऊंनी आमची काळजी केली होती.