आमच्यात याला नॉर्मल म्हणतात

“बाजारात गिऱ्हाइकावर ओरडतेस ना, तेवढा जोर इथे लाव.”

डॉक्टर हे माझ्या दोन मांड्यांमधून म्हणाले. माझे पाय वर अडकवलेले. कमरेखाली अंगावर काही नाही. दार अर्धं उघडं आणि वॉर्डबॉय ये-जा करत होता. नर्स हसली. तोही हसला.

तारापूरकडचा आमचा किनारा. मी बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायचे. माझी पहिली वेळ होती. मी लहान चणीची; लग्नात नवऱ्याला हार घालायला मला पाटावर उभं केलं होतं. शेवटच्या महिन्यांत पाय सुजले, रक्त कमी, साखर वाढलेली. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. या गोष्टींचा आणि त्या टेबलाचा काही संबंध असतो, हे मला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

कळा देऊन देऊन मी थकले. बाळ खाली येईना. मी ओरडले, तेव्हा डॉक्टर नर्सशी इंग्रजीत काहीतरी बोलले आणि मला मराठीत म्हणाले, “तुमच्यात बायका होडीतसुद्धा बाळंत होतात. तुलाच काय झालं?”

मग एक वाटी आली, तिला नळी. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. नर्स माझं पोट कोपराने रेटू लागली. वाटी लावली, ओढली, सटकली. पुन्हा लावली, सटकली. तिसऱ्यांदा सटकली नाही. फाटलं ते मला ऐकू आलं. दुखण्याच्या आधी ऐकू आलं.

मुलगी झाली. तिच्या डोक्यावर जांभळं टेंगूळ. माझं रक्त थांबेना. टाके घालताना मी पाय आखडले, तर डॉक्टरांनी मांडीवर चापट मारली. वर काहीतरी पुटपुटले. ते नीट ऐकलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही. जे नीट ऐकलं तेवढंच लिहिते.

आमच्या वाडीत बाळंतपणाचे दोनच प्रकार. पोट कापलं तर सिझर, नाही कापलं तर नॉर्मल. व्हॅक्यूमला, म्हणजे त्या वाटीने बाळ ओढण्याला, आमच्यात शब्दच नाही. सासू घरोघरी सांगत गेली, “आमच्या सुनेची नॉर्मल झाली. पोटाला सुरी नाय लागली.” बायकांनी मला नशीबवान म्हटलं.

त्या नशिबाचं पुढचं असं. टोपली डोक्यावर घेतली की मला धरवायचं नाही. वारा नाही, कधी शीसुद्धा नाही. हळदीला सगळ्या नाचायच्या, मी भिंतीला टेकून उभी. जुन्या साडीच्या घड्या पिशवीत ठेवायच्या. कुठेही गेलं की आधी संडास कुठे ते बघायचं, मग बसायचं. बाजार सुटला. एका कारखान्यात पॅकिंगला लागले, पुढे त्याच लाइनीवर सुपरवायझर झाले. तिथे मला शिस्तीची बाई म्हणतात. शिस्त कुठून आली ते कुणी विचारलं नाही. दुसरं मूल मी होऊ दिलं नाही.

आता ती मुलगी गरोदर आहे. सासर बेटेगावचं; पहिलं बाळंतपण म्हणून माझ्याकडे आली. उंचीला ती माझ्यावर गेली. सातव्या महिन्यात साखर निघाली. सोनोग्राफीत कळलं, बाळ अंगाने मोठं आहे. विहीणबाईंनी कौतुकाने पेढे वाटले. मी माझा पेढा तोंडात घातला नाही.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं बोईसरच्या एका खासगी दवाखान्यात गेलो. मुलगी, जावई, विहीणबाई आणि मी. डॉक्टरीणबाई तरुण, घाईत. मान वर न करता त्यांनी मुलीला विचारलं, आईची डिलिव्हरी कशी झाली होती.

“नॉर्मल,” मुलगी म्हणाली.

लहानपणापासून ती हेच ऐकत आली होती. छान, मग हिचीही होईल, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली. मुलगी उठायला लागली. मला दिसलं की या एका शब्दाच्या भरवशावर तिला त्याच टेबलावर चढवणार आहेत.

मी उठले नाही. कारखान्यात, कचेरीत मी पुस्तकी मराठी बोलते. त्या दिवशी तोंडात घरची भाषा आली.

“नॉर्मल नाय. मशीन लावून खेचली हिला. माझं मागपर्यंत फाटलं. हिच्या वयाएवढी वरसं झाली, मला अजून धरवत नाय.”

जावई फरशीकडे बघू लागला. विहीणबाईंनी माझा पदर ओढला. “अहो, जावयासमोर काय हे.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “मावशी, मोबाइलवर काहीबाही बघता आणि पेशंटला घाबरवता. इथे डॉक्टर कोण आहे?”

“डॉक्टर तुमी हाय. पन फाटायची ती हाय.”

मग मी विचारलं. मशीन लावायची वेळ आली तर हिला आधी सांगणार का? वाटी सटकत राहिली तर थांबणार कधी? ऑपरेशनची, रक्ताची सोय त्या वेळी इथे असेल का? विश्वास नसेल तर पालघरला न्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी फाइल उचलली.

परतताना रिक्षात, पाम गावच्या रस्त्याला, मुलगी माझ्या कानाशी वाकली. “आई, म्हंजे तुझं हे माझ्यामुळं झालं?”

एवढी वर्षं झाकून ठेवल्याचं हे फळ. ओढणारा सुटला, आणि दोष ओढलेल्या पोरीने उचलला.

“तुझ्यामुळं नाय. मला कुनी विचारलं नाय, त्याच्यामुळं.”

पालघरच्या डॉक्टरांनी गोड काही सांगितलं नाही. पहिली वेळ, उंची कमी, साखर, बाळ मोठं, रक्त कमी. व्हॅक्यूम लावावा लागला तर फाटण्याचा, रक्त जाण्याचा, बाळाचा खांदा अडकण्याचा धोका हिला जास्त. कदाचित काहीच लागणार नाही, कदाचित ऑपरेशन लागेल. व्हॅक्यूम वाईट नाही, कधी तोच बाळाला वाचवतो; पण कुठे थांबायचं ते आधी ठरलेलं हवं. मी खात्री मागितली. देत नाही, म्हणाले. पण हे सगळं ते मुलीकडे बघून बोलले.

विहीणबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलंय. ही बाई सुनेच्या पोटावर सुरी आणणार, असं त्या सांगत फिरतात. वाडीतल्या बायका नजर चुकवतात. दोघी मात्र एकेकट्या आल्या, दार लोटून म्हणाल्या, मला पन धरवत नाय. दोघींची नॉर्मल झाली होती.

मुलीचे दिवस भरत आलेत. पोट खाली उतरलंय. पाय इतके सुजलेत की कालपासून चप्पल चढत नाही. तिला भीती वाटते, आणि मी तिला भिऊ नको म्हणत नाही.

बाकड्यावर बसून वाट बघणार नाही, हे मी पालघरला सांगून ठेवलंय. मी आत, तिच्या उशाशी उभी राहणार. वाटी बाहेर काढली तर आधी तिला सांगायला लावणार. एक वाक्य बोलायला वेळ लागत नाही. कुणी तिच्यावर हसलं तर तिथल्या तिथे त्याचं नाव विचारणार. आणि त्या खोलीतून आम्ही कशाही बाहेर आलो, तरी आत जे झालं असेल त्याचं खरं नाव मी वाडीत सांगणार.