खालून फोडलेलं खोकं

आमच्या घरातली गादी अजून तीच आहे. लग्नात सासऱ्यांनी दिलेली, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चाचांनी भरलेली. दर तीन-चार वर्षांनी चाचा ती उसवायचे, कापूस पिंजायचे, नव्या खोळीत भरून घरी आणून टाकायचे आणि बजावायचे, "बेटा, उन्हात घालत जा हिला. तू घालत नाहीस. मला कापूस सांगतो."

कापूस खरं सांगायचा. गादी गच्चीवर नेणं हे माझ्या प्रकृतीला मानवणारं काम नव्हतं. पण ज्या कापसावर मी वीस वर्षं घोरलो त्याचीच धूळ चाचांच्या फुप्फुसात जाऊन बसली होती, हे काही कापसाने मला सांगितलं नाही. ते डॉक्टरांनी सांगितलं. दुकान बंद झालं. चाचांना आडवं झालं की श्वास पुरेना. दुनियेच्या गाद्या भरणारा माणूस दोन लोड पाठीशी घेऊन बसल्या बसल्या डुलक्या काढू लागला. घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा, डॉक्टर म्हणाले. ते विकत घेणं चाचांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

मी त्या वेळी एका खासगी वीज कंपनीत होतो. आधी स्टोअरला, म्हणजे तारा, खांब, खांबावर तार धरणाऱ्या चिनी मातीच्या चिमण्या यांच्या सहवासात. मग कंपनीने धर्मादाय फाउंडेशन काढलं आणि साहेबांनी मला तिकडे पाठवलं. "तुमचा स्वभाव मायाळू आहे," ते म्हणाले. स्टोअरमध्ये माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं, हे सांगायची ती सभ्य पद्धत.

स्वारगेटजवळच्या दोन खोल्यांत आमचं फाउंडेशन होतं. मी थट्टा करतो खरा, पण काम खोटं नव्हतं. येरवड्यात शिवणाचे वर्ग चालायचे. डोळे तपासणीची शिबिरं व्हायची. वाघोलीच्या पुढे एका शाळेत आम्ही पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं, तेव्हा तिथली पोरं तहान नसताना रांग लावून पाणी पीत होती. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला म्हणालो होतो, की आपल्या हातून थोडंफार चांगलं घडतंय. ती म्हणाली, "बरं. आता गादी उन्हात घाला."

फक्त देण्याची एक रीत होती. वस्तू खोक्यात, खोकं सीलबंद, सीलवर फाउंडेशनचं गोल स्टिकर, वरून लाल फीत. पाहुण्यांच्या हस्ते, लाभार्थ्याच्या हातात, फोटोग्राफरसमोर. त्याआधी खोकं फोडायचं नाही. ही रीत पडली त्यालाही कारण होतं. सुरुवातीला एका बाईंना आम्ही शिलाई मशीन आधीच घरपोच दिलं होतं आणि कार्यक्रमाला त्या आल्याच नाहीत. मी स्वतः बोलवायला गेलो तर म्हणाल्या, "कशी येऊ? ब्लाउज शिवायचेत." मशीन ज्यासाठी दिलं ते काम ती बाई करत होती, पण साहेबांच्या ते मनाला लागलं.

चाचांचं नाव मी यादीत घातलं. मंजूर झालं. पाच मशीनं आली आणि आमच्या ऑफिसच्या कपाटाशेजारी फिती बांधून उभी राहिली. आणि तिथेच राहिली. पाहुणे म्हणजे मुख्य कचेरीतले मोठे साहेब, त्यांची तारीख मिळेना. एकदा मिळाली, ती रद्द झाली. दुसरी मिळाली, तीही.

चाची एके दिवशी आमच्याकडे आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात बायकोपाशी बसल्या आणि विचारलं, "मशीन आलं म्हणे?" बस, एवढंच.

त्या गेल्यावर बायको बाहेर आली. "अहो, मला एक सांगा. त्या मशीनमधून हवा येते की फोटो?"

"रीत आहे. माझ्या हातात काय आहे?"

"ऑफिसची किल्ली आहे. कमरेला लावून हिंडता ती."

मी शूर माणूस नाही. पण स्टोअरमध्ये अठरा वर्षं काढलेल्याला एक गोष्ट येते. वरचं सील शाबूत ठेवून खोकं खालून उघडता येतं. बुधवारी दुपारी साहेब बैठकीला गेल्यावर मी एक खोकं उलटं केलं, बुडाची चिकटपट्टी सुरीने कापली, मशीन काढलं, रिकामं खोकं पुन्हा जागेवर उभं केलं आणि रिक्षा केली. एवढी हुशारी मी नोकरीत आधी कधी दाखवली नव्हती. रिक्षात मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की चालकाने विचारलं, "काका, लॉटरी लागली का?"

चाचांच्या नाकाला नळी लावली, बटण दाबलं. मशीन घरघरू लागलं. चाचांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "पिंजायच्या मशीनसारखंच वाजतंय की. आयुष्यभर मी कापूस पिंजला, आता हे माझी हवा पिंजतंय." त्या दिवशी चाचा आडवे होऊन झोपले. दुसऱ्या दिवशी चाचींनी आमच्याकडे शिरखुर्मा पाठवला, ईद नसताना. पुढे तीन आठवडे ते रोज आडवे झोपत होते. हे तीन आठवडे मी कधी विसरू देत नाही. कुणाला म्हणाल तर स्वतःलाच.

मग तारीख मिळाली. येरवड्याच्या एका शाळेचा हॉल, सकाळी अकरा.

मी साहेबांना विचारून पाहिलं, "त्यांच्या पत्नीने स्वीकारलं तर? त्यांना बाहेर काढणं बरं नाही."

"लाभार्थी स्वतः हवा," साहेब म्हणाले. "धडधाकट बाई फोटोत कशी दिसेल? आणि अर्ध्या तासाचा तर कार्यक्रम."

डॉक्टर म्हणाले, मशीनशिवाय तास-दीड तास बसतील, त्यावर नको. मी हिशोब मांडला. अकराला सुरू, साडेअकराला खलास. सकाळी मी रिकामं खोकं चाचांच्या घरी नेलं, मशीन त्यांच्या नाकापासून सोडवलं, पुसलं, खालून खोक्यात घातलं, बुडाला नवी पट्टी मारली. चाचा नवा सदरा घालून, अत्तर लावून तयार होते. म्हणाले, "सासरी चाललेल्या पोरीसारखं नटवलंय रे त्या मशीनला. परत माहेरी येणार ना?"

"बाराच्या आत, चाचा."

पाच खोकी टेबलावर मांडली. पाच लाभार्थी स्टेजवर खुर्च्यांत, माझी बायको समोर दुसऱ्या रांगेत. चाचा पहिल्या खुर्चीत, कारण ते दिसायला भारदस्त. अकरा वाजले. पाहुणे नगर रोडला अडकले होते. वाघोलीहून निघालेत, येतीलच, असा फोन आला. साडेअकरालाही तोच फोन आला. बारा वाजता चाचांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या होत्या आणि ते समोर बघत होते. ओठांचा रंग मला आवडत नव्हता. मी जवळ जाऊन वाकलो.

"चाचा, मशीन काढू का?"

"सील?" ते एवढंच म्हणाले. माझी हुशारी त्यांना माहीत होती. खोकं उघडलं तर मी उघडा पडणार, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं. श्वास घेऊन पुढे म्हणाले, "राहू दे. येतील."

आणि मी राहू दिलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे, म्हणून पुन्हा लिहितो. मी राहू दिलं.

पाहुणे पावणेएकला आले. हार झाले. मग दीपप्रज्वलन. आम्ही वीज कंपनीवाले, आमची समईही विजेची. पाहुण्यांनी बटण दाबलं, पाच लाल दिवे लागले, टाळ्या झाल्या. भाषण सुरू झालं. गरिबाच्या घरापर्यंत प्रकाश कसा पोचतो, असा काहीसा विषय होता. चाचांची मान एका बाजूला कलायला लागली.

आता मी हललो. पण स्टेजवर प्लगची एकच पट्टी आणि तिला तीनच भोकं. एकात माइक, एकात पाहुण्यांचा पंखा, एकात समई. विजेच्या धंद्यातली माणसं आम्ही, आणि चौथं भोक कुणाला सुचलं नव्हतं. मी पट्टीसमोर उकिडवा बसलो आणि यातलं काय काढलं तर साहेबांना कमी राग येईल याचा विचार करू लागलो. किती वेळ, माहीत नाही. बायको पुढे सांगायची की पाहुण्यांची दोन वाक्यं होईपर्यंत. तिने दयेने कमी सांगितलं असावं.

तीच दुसऱ्या रांगेतून उठून आली. जी बाई घरात दिवा विझला असं तोंडातून काढत नाही, शांत झाला म्हणते, तिने समईचा प्लग उपटला. मग टेबलावरचं पहिलं खोकं उलटं केलं आणि बुडाची पट्टी नखांनी फाडली. मशीन बाहेर आलं. त्याच्या मुठीला चाचींनी हात घसरू नये म्हणून गादीचा दोरा गुंडाळला होता, तो मी काढायला विसरलो होतो. सगळ्या स्टेजला दिसलं, की हे खोकं आधी उघडलेलं आहे.

"आता लावा," ती म्हणाली. मी नळी लावली. माइकमधून पाहुणे म्हणाले, "काय चाललंय?" मशीन घरघरत होतं.

चाचा तिथून घरी आले नाहीत. सरकारी दवाखान्यात नऊ दिवस होते. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच संपली होती, त्या दोन तासांनी फार फरक पडला असं नाही. 'फार' हा शब्द त्यांनी का घातला, हे मी अजून विचारलेलं नाही. मला ऑफिसातून लेखी खुलासा मागवला गेला. नोकरीतला माझा एकमेव खुलासा. सीलबंद वस्तू विनापरवाना का उघडली, एवढंच त्यात विचारलं होतं. का बंद ठेवली, हे नव्हतं.

चाचांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर चाची आल्या. बरोबर मशीन, धुतलेल्या खोळीत घालून, खोळीचं तोंड टाके घालून शिवलेलं.

"दुसऱ्या कुणाला लागत असेल," त्या म्हणाल्या. "आजच द्या. आणि त्याला कुठे बोलवू नका."

बायकोने चहा ठेवला. चाची तो न पिता गेल्या. त्याआधी त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

यादीत सहावा असल्याने राहून गेलेला एक म्हातारा येरवड्यात होता. मी कुणाला न विचारता रिक्षा केली. त्याच्या सुनेने दार उघडलं, खोळ बघितली, मला ओळखलं आणि आत ओरडली, "मामंजी, कंपनीचे साहेब आले!" आत खडबड झाली. म्हातारा धापा टाकत बाहेर आला तेव्हा त्याने धुतलेला शर्ट घातला होता आणि ओला कंगवा हातात होता.

"फोटोवाले मागनं येत्यात का?"

"फोटो नाही, बाबा. तुम्ही बसा."

मी टाके उसवले, मशीन भिंतीपाशी ठेवलं. प्लग रिकामा होता. नळी त्याच्या नाकाला लावली, बटण दाबलं.

"आडवे व्हा आता," मी म्हणालो.

"व्हतो की," तो म्हणाला. पण झाला नाही. शर्टाची वरची गुंडी लावून, हात गुडघ्यांवर ठेवून, तो दाराकडे तोंड करून ताठ बसून राहिला. मी निघालो तरी तसाच बसला होता.