परत आलेलं पाकीट उघडायचं नाही

बसा, चहा येतोय तोवर स्वतःचंच हसं करून घेतो.

आमचं शिलाईचं दुकान कळंब्याला. तिथं मशिनीमागं बसून मी एक कादंबरी लिहिली होती. आता टेलरनं कादंबरी लिहावी का? का लिहू नये? माणसांची मापं आमच्याइतकी कुणी घेतलीत?

पण पाच प्रकाशकांनी ती परत पाठवली. पोस्टमन सायकलवरूनच ओरडायचा, "मास्तर, आली बगा तुमची लेक म्हायेराला." सगळी गल्ली ऐकायची. पाचव्याचं पत्र वाचून तर मी असा खचलो, की एका गिऱ्हाइकाच्या पँटीला दोन्ही पाय डावेच लावले.

खरं सांगतो, तेव्हा लिहिणं कायमचं सोडायच्या बेतात होतो. मग जिद्द टिकवायला एक नियम केला. परत आलेलं पाकीट उघडायचं नाही. नकार वाचलाच नाही, तर लागेल कसा? बंद पाकीट तसंच नव्या खाकी लिफाफ्यात घालायचं, वर पुढच्या प्रकाशकाचा पत्ता टाकायचा आणि त्याच दिवशी रवाना करायचं.

सहावं पाकीट पुण्याहून आलं. बायकोनं, म्हणजे शालननं, ते हातात तोलून बघितलं.

"अवो, ह्ये जड लागतंय. उघडून तरी बगा."

"नकाराची कारणं जास्त असतील," मी म्हटलं, आणि दुपारच्या टपालानं ते मुंबईला सातव्याकडं धाडलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण त्याच महिन्यात कोडोलीच्या एका साहित्य मेळाव्यात मला बोलायला बोलावलं, न खचणारा लेखक म्हणून. तिथं मी नव्या लिहिणाऱ्यांना तासभर हाच नियम शिकवला. टाळ्या पडल्या. एका मुलीनं तर तो वहीत लिहून घेतला. तिची मला आजही काळजी वाटते.

अडीच महिन्यांनी मुंबईचं पाकीट परत आलं. मी सवयीनं खाकी लिफाफा काढला. पण शालननं पाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं आणि सरळ कापडाची कात्री चालवली. कापडाची कात्री कागदाला लावून तिची धार घालवली की शिंप्याला काय होतं, ते शिंप्यालाच विचारा. मी काही बोलणार, तोवर ती पत्र मोठ्यानं वाचायला लागली.

"आपली कादंबरी मिळाली. तिच्यासोबत पुण्याच्या प्रकाशकांनी आपल्याला लिहिलेले पत्र व सूचनांची आठ पानेही मिळाली. ते कादंबरी छापायला तयार असून त्यांनी दोन प्रकरणे आवळून महिन्याभरात परत मागितली आहेत. आपले अभिनंदन. मात्र हे सर्व आमच्याकडे का पाठवलेत, ते समजले नाही."

मी स्टुलावर बसलो. शालन शांतपणे म्हणाली, "गिऱ्हाईक सदरा परत घिऊन आलं, तर कुटं घट्ट हुतंय ते बगता का न्हाय? का तसाच घडी घालून दुसऱ्याच्या अंगावर टाकता?"

जिला जिद्द म्हणून मिरवत होतो, ती निम्मी भीतीच होती. पाठवत राहिलो हे खरं, पण कुणी काय म्हणतंय ते ऐकायची छाती नव्हती. आणि त्या भीतीपायी हाताशी आलेलं पुस्तक मीच टपालाच्या पेटीत टाकून आलो होतो. फार वाईट वाटलं हो.

तसाच चपला घालून एसटीडी बूथवर पळालो आणि पुण्याला फोन लावला. नाव सांगितलं. पलीकडून प्रकाशक म्हणाले,

"अहो, तुम्ही होय? आम्ही किती वाट पाहिली. उत्तर नाही, पाकीट नाही. शेवटी समजलो, आमचं प्रकाशन तुम्हाला पसंत नाही."

पुढं त्यांनीच कादंबरी छापली, म्हणून आज हसतोय. पण त्या काचेच्या खोक्यात डोकंच चालेना. आणि पाच नकार पचवलेला हा लेखक, ज्या एकट्या माणसानं त्याला होकार दिला होता, त्यालाच काय म्हणाला असेल?

"न्हाय वो साहेब, मनाला लावून घिऊ नका. तुमचं काम चांगलं हाय. धीर सोडू नका."