एकवीस मिलिमीटरचं दार

लग्नपत्रिकेचा पुठ्ठा साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. मुलीकडचे हौशी असतील तर पाऊण. गेली काही वर्षं आमच्याकडे पत्रिका आली की मी आधी तिची जाडी मोजतो आणि मग लग्न कोणाचं ते वाचतो. गणपती कापून देवघराच्या फळीवर ठेवायचा आणि उरलेल्या पुठ्ठ्याची घरं करायची. आमच्या मागच्या खोलीत एक छोटी रेल्वे आहे, खऱ्या रेल्वेच्या सत्याऐंशीव्या हिश्शाची. तिच्या बाजूची गोदामं, क्वार्टर, पाण्याची टाकी असं सगळं मी हातानं करतो. प्रत्येक माप आधी सत्याऐंशीनं भागतो आणि मगच कात्रीला हात लावतो. अंदाजानं काही नाही.

माझे सासरे रेल्वेत होते. आपली लाइन मीटरगेज होती तेव्हा ते एका लहान स्टेशनावर अकरा वर्षं स्टेशनमास्तर होते. पुढे ब्रॉडगेज आलं आणि ती जुनी इमारत पाडली. ऐंशी गाठता गाठता ते एकदा सहज म्हणाले, "जावईबापू, आता मलाच आठवंना बघा. अकरा वर्षं काढली, पण कोणतं दार कुठं होतं ते सांगता येत नाय."

मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "मी बांधून देतो. एका इंचाचा फरक निघाला तर सांगा."

बोलून तर बसलो. नकाशा कुठे मिळाला नाही. पुरावा एकच होता, आमच्या पहिल्या दिवाळीला मी काढलेला फोटो. त्यात संपूर्ण इमारत समोरून आली होती आणि कंदील ठेवायच्या खोलीच्या दाराशी माझी बायको भिंतीला पाठ टेकून उभी होती. तो मी गुलमंडीवरच्या स्टुडिओतून मोठा करून आणला आणि पट्टी लावली. बायको एकवीस मिलिमीटर. तिची उंची मला तोंडपाठ होती. स्थळ आलं तेव्हा बायोडाटात टाइप केलेली होती, पाच फूट तीन इंच, म्हणजे त्रेसष्ट इंच. भागिले एकवीस, बरोबर तीन! फोटोतला एक मिलिमीटर म्हणजे खरे तीन इंच. खाली बाकी शून्य. मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली.

इमारत फोटोत दोनशे चाळीस मिलिमीटर, म्हणजे साठ फूट. कंदीलखोलीचं दार चोवीस, म्हणजे सहा फूट. सत्याऐंशीनं भागल्यावर इमारत दोनशे दहा मिलिमीटर आणि दार एकवीस. पुढचे चार महिने मी हवेत होतो. अकरा पत्रिका लागल्या. गोळ्यांच्या पाकिटांची चांदी कंगव्यावर दाबून छपराचे पत्रे केले. पाचोडकडे एका कामासाठी गेलो होतो, तिथल्या खडीच्या ढिगातून बारीक कच आणली आणि चहाच्या गाळणीतून चाळली.

"अहो, चहात खडे लागताहेत," बायको म्हणाली.

"दीड मिलिमीटरच्या खालचेच आहेत," मी म्हणालो.

शेवटी काडेपेटीची काडी आणि एमसील घेऊन साडेवीस मिलिमीटरचे स्टेशनमास्तर केले. सासरे पाच फूट दहा इंच. हे माप मी स्वतः घेतलेलं होतं, त्यांच्या खोलीत पंखा बसवताना.

रविवारी सासरे आले. चष्मा पुसून टेबलापाशी बसले. तिकिटाच्या खिडकीवरून, घंटेवरून त्यांचं बोट फिरलं आणि कंदीलखोलीपाशी थांबलं. त्यांनी छोट्या मास्तरांना चिमटीत धरलं आणि दारातून आत नेलं, बाहेर आणलं, परत आत नेलं.

"हे स्टेशन दुसरंच हाय."

"का हो?"

"ह्या दारानं मला रोज संध्याकाळी डोक्याला मारलंय. वाकल्याबिगर आत जाताच येत नव्हतं. आणि हा बघा, कसा ताठ चाललाय! ह्या दारातून मी फेटा बांधून गेलो असतो."

मी वही आणली. भागाकार दाखवला. त्रेसष्ट भागिले एकवीस, बाकी शून्य. सासरे पहिल्याच आकड्यावर अडले. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"हे त्रेसष्ट कुठून आणले?"

"तुम्हीच दिलेत. बायोडाटात."

स्वयंपाकघरात काहीतरी भांडं खाली पडलं आणि पाठोपाठ बायकोचं हसू ऐकू आलं.

"तीन इंच मी घातले," सासरे म्हणाले. "त्या काळी पाच फुटाच्या पोरीचा कुणी फोटोसुदिक मागवत नव्हतं."

"बाबा, ह्यांनी घरातला नळसुद्धा मोजलाय," बायको पदर तोंडाला लावून दारात आली. "मला एकदाही नाही. सव्वीस वर्षं मी वाट बघतेय, कधी पकडतात!"

मी पोलादी टेप घेतला. तिला चौकटीला उभं केलं. सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली. टाचा उचलू नये म्हणून मी खाली बसून बघत होतो आणि ती इतकी हसत होती की माप दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा साठ इंच आले. नेमके.

म्हणजे माझं सगळं स्टेशन विसाला एकवीस झालं होतं. पायऱ्या, खिडक्या, बाकडी, सगळं त्याच हिशेबात फुगलेलं. फसवणूक झाली, असं मी म्हणालो.

"तुमच्या बायोडाटात निर्व्यसनी लिहिलं होतं," सासरे टेबलाकडे हात करून म्हणाले. "मग हे काय हाय?"

तिघंही हसून हसून खाली बसलो. मग सासऱ्यांनी बाह्या सारल्या आणि म्हणाले, "पत्रिका काढा."

एका दिवसासाठी आलेले ते नऊ दिवस राहिले. मी मापं सांगायचो, ते पेन्सिलीनं आखायचे, आणि आखता आखता त्यांना एकेक दार आठवायला लागलं. इथं मागच्या बाजूला रांजण होता. ही खिडकी उघडत नव्हती, खिळा मारलेला होता. फोटोत न दिसणारी मागची भिंत त्यांनी पूर्ण सांगितली. मी मात्र तिचा पुरावा मागितला नाही.

नवी इमारत दोनशे मिलिमीटर झाली आणि दार वीस. डिंक वाळल्यावर सासऱ्यांनी छोट्या मास्तरांना उचललं आणि दाराकडे चालवत नेलं. डोकं चौकटीला टक्क लागलं. त्याच क्षणी टेबलाशी बसलेल्या सासऱ्यांनी झटकन मान खाली घातली.

मग वर बघून म्हणाले, "व्हय. हेच."