तीन रात्रींची खाट

घड्याळजींच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका पिकला होता की सेकंदकाटाही त्यांना दिसेना. शहरात सकाळी शस्त्रक्रिया झालेला माणूस दुपारी जेवायला घरी असतो. पण शहर सात तासांवर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. जवळच्या दवाखान्यात मात्र तीन रात्रींचा मुक्काम सक्तीचा. घरी बायको अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी तिची कूस बदलली नाही, तर महत्प्रयासाने भरलेली पाठीची जखम पुन्हा चिघळणार.

"डॉक्टरसाहेब, दुपारी सोडा मला."

"इकडची माणसं डोळे चोळतात, आजोबा. शहराची गोष्ट वेगळी."

"का? तिकडे हात बांधून जन्माला येतात?"

साहेबांना विनोद कळत नसे, खाटा कळत. खाटा रिकाम्या दिसल्या तर वॉर्ड बंद होणार, आणि वॉर्डाबरोबर त्यांची 'प्रमुख' ही पाटीही जाणार. त्या पाटीपायी धडधाकट माणसं तीन-तीन रात्री छताकडे बघत पडत.

शस्त्रक्रिया वीस मिनिटांत आटोपली. बाराला घड्याळजी डोळ्यावरच्या झाकणासकट उठले. सिस्टर आडव्या आल्या.

"काका, खाट रिकामी दिसली तर माझी धडगत नाही."

"मग भरा की. दोन उशा आहेत."

सिस्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि उशा पांघरुणाखाली सारल्या. थेंबांची बाटली हातात देत म्हणाल्या, "वाकायचं नाही, उचलायचं नाही. रोज नऊला बाहेरच्या रांगेत या."

घरी घड्याळजींनी शेजारच्या सूनबाईला चादर ओढून कूस बदलायला शिकवलं. वेळ झाली की भिंतीवर थाप मारायची, एवढंच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं.

साहेबांची फेरी दारातूनच होई. आत शिरायला बूट राजी नसावेत.

"सातवी खाट?"

"शांत आहेत," सिस्टर म्हणाल्या.

साहेबांनी कागदावर लिहिलं: प्रकृती समाधानकारक. तीन दिवस उशांची प्रकृती समाधानकारक राहिली. त्याच उशांचा धनी रोज नऊला रांगेतून येऊन साहेबांपुढे बसे. पण डोळ्याभोवती चेहराही असतो, हे साहेबांच्या गावीच नव्हतं.

चौथ्या दिवशी घरी सोडताना सातव्या खाटेचा कागद चाळून साहेब घड्याळजींना म्हणाले, "बघा! पडून राहिलात म्हणून डोळा लख्ख झाला."

घड्याळजींनी घरी येऊन आधी बायकोची पाठ उजेडात नीट पाहिली. कातडी कोरडी, अखंड होती. मग साहेबांचं वाक्य तिला ऐकवलं. आजारानंतर तिला मोजकेच शब्द फुटत. त्यांतला एक तिने साहेबांवर खर्च केला.

"गाढव."